मंडळी, पंथ आणि कल्ट

सातारा-सांगली पट्ट्यातल्या एखाद्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबाला तुम्ही कोणत्या पंथाचे असं विचारलं, तर खरं उत्तर बहुतेक वेळा भूगोलात सापडतं. एकोणिसाव्या शतकात परदेशी मिशनांनी आपसांत प्रदेश वाटून घेतले होते. एकाच्या भागात दुसऱ्याने काम काढायचं नाही, अशी त्यांची समजूत होती. कृष्णेच्या वरच्या अंगाला, वाई-साताऱ्याकडे, अमेरिकन मराठी मिशन होतं. त्यांची रीत काँग्रिगेशनल, म्हणजे गावची मंडळी (तिथला ख्रिस्ती समुदाय) आपला पाळक आपण निवडणार आणि आपले निर्णय आपण घेणार. खालच्या अंगाला, सांगली-मिरजेकडे, अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन होतं. त्यांच्यात मंडळीचे वडील, म्हणजे निवडलेले ज्येष्ठ सभासद, कारभार बघणार आणि अनेक मंडळ्यांवर मिळून एक प्रेस्बिटेरी, म्हणजे सामाईक सभा, असणार. पाचगणीला साहेबलोकांमुळे अँग्लिकन आणि कॅथलिक होते. नदीच्या वरच्या अंगाला जन्मलेला माणूस एका पंथाचा झाला, खालच्या अंगाला जन्मलेला दुसऱ्या. पणजोबांनी धर्मशास्त्र तोलून-मापून पंथ निवडला, असं फार थोड्या घरांत घडलं.

पुढे हे पंथ एकत्रही आले. 1924 मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्यांची मिळून युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झाली. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा परंपरा मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभी राहिली. त्यात ही युनायटेड चर्च होतीच, शिवाय अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट आणि मेथडिस्टांची एक शाखा होती. सगळ्यांत अवघड गाठ बाप्तिस्म्याची होती. बाप्टिस्टांच्या मते तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नाही. अँग्लिकनांच्या मते तो पूर्ण बाप्तिस्मा आहे. तोडगा असा निघाला की दोन्ही रीती मान्य. एक तर बाळाचा बाप्तिस्मा आणि मोठेपणी दृढीकरण (आपला विश्वास स्वतः कबूल करण्याचा विधी), नाहीतर बाळाचं समर्पण आणि मोठेपणी विश्वास कबूल करून बाप्तिस्मा. याच प्रश्नावरून 1527 मध्ये झुरिक शहरात फेलिक्स मान्झ नावाच्या माणसाला नदीत बुडवून मारलं होतं, आणि मारणारे प्रोटेस्टंटच होते. साडेचारशे वर्षांनी तोच प्रश्न नागपुरात एका तरतुदीने मिटला.

मतभेद खरा आहे, पण समोरचा ख्रिस्तीच आहे हे दोघांना मान्य आहे आणि एका मेजावर प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा विधी) घेता येतं किंवा निदान घेता यावं असं वाटतं, तिथे पंथभेद असतो. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एका मेजावर बसत नाहीत, तरी बहुतेक जण एकमेकांचा बाप्तिस्मा मानतात. हा सगळा प्रदेश मी पंथ या शब्दात धरतो. एखाद्या पंथातून कडक शिस्तीसाठी किंवा विसरलेल्या एखाद्या सत्यासाठी फुटून निघालेल्या लहान गटाला उपपंथ म्हणू. कल्ट हा शब्द मात्र जपून वापरायला हवा, आणि हे सगळं लिहिण्याचं कारणही तेच आहे. आपल्याकडे तो नको तिथे फेकला जातो आणि जिथे लागतो तिथे कुणी उच्चारत नाही. ढोलकी-कीबोर्डवर टाळ्या पिटत उपासना करणाऱ्या पेंटेकॉस्टल मंडळीला सर्रास कल्ट म्हणून मोकळे होणारे लोक आहेत. आणि मुलगी आठवड्यातून चार संध्याकाळी कुठल्या तरी नाव नसलेल्या ऑनलाइन वर्गात बसते, तेव्हा तेच लोक समाधानाने सांगतात की पोरगी बायबल तर वाचतेय.

उपपंथांबद्दल आधी थोडं. बायबलातल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 24व्या अध्यायात प्रेषित पौलावर आरोप आहे की तो नासोरी पंथाचा पुढारी आहे. म्हणजे ख्रिस्ती मंडळी स्वतःच एकेकाळी यहुदी धर्मातला एक संशयित उपपंथ होती. अर्न्स्ट ट्रॉल्च या जर्मन विद्वानाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चर्च आणि उपपंथ यांतला फरक मांडला. चर्चमध्ये माणूस जन्मतो, उपपंथात निवडून शिरतो. चर्च समाजाशी जुळवून घेतं, उपपंथ समाजापासून अंतर राखतो. पुढे रिचर्ड नीबूर यांनी दाखवलं की ही अवस्था फार काळ टिकत नाही. पहिली पिढी सगळं सोडून आलेली असते. तिच्या पोटी मुलं होतात, त्यांना शाळा लागते, इमारत लागते, प्रशिक्षित पाळक लागतो, आणि पाहता पाहता उपपंथाचा पंथ होतो. मेथडिस्टांचं तसंच झालं. मान्झच्या अनुयायांचे वारस असलेल्या मेनोनाइटांचं तसंच झालं. 1905 मध्ये केडगावच्या मुक्ती सदनात पंडिता रमाबाईंच्या मुली रडत-गात प्रार्थना करू लागल्या, तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली होती. आज त्या जागृतीचा उल्लेख जगभरच्या पेंटेकॉस्टल इतिहासात आदराने होतो. त्यामुळे नवा गट, मोठा आवाज, कडक नियम, कमी माणसं यांतलं काहीही कल्टची खूण नव्हे.

साताऱ्यातलंच उदाहरण घ्यायचं तर नारायण वामन टिळकांचं आहे. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यास घेतला आणि साताऱ्यात देवाचा दरबार सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले होते आणि न घेतलेलेही चालणार होते. प्रभावी वाणीचा एक पुरुष, त्याच्याभोवती जमलेली माणसं, मिशनच्या चौकटीबाहेरची संस्था, आणि बाप्तिस्म्याच्या बाबतीत रूढ नियमापेक्षा वेगळी वाट. वरवर बघणाऱ्याला सगळी लक्षणं भरलेली दिसतील. पण टिळकांच्या अभंगांत सद्गुरू आहे तो ख्रिस्त, टिळक नव्हेत. दरबारात येणाऱ्याला घरदार तोडायला लावलं नाही, आणि जुन्या मंडळ्या सैतानाच्या आहेत असं शिकवलं नाही. 1919 मध्ये टिळक गेले. त्यांची पदं आज महाराष्ट्रातल्या सगळ्या पंथांत गायली जातात, म्हणजे त्यांनी जे कमावलं ते सगळ्यांच्या वाट्याला आलं. या उदाहरणात दोन प्रश्न दडलेले आहेत. शिकवणीत ख्रिस्त कोण आहे, हा पहिला. माणूस कसा धरून ठेवला आहे, हा दुसरा. हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे, एकाच्या उत्तराने दुसऱ्याचं उत्तर मिळालं असं समजायचं नाही. आपली बहुतेक गफलत इथेच होते.

पहिल्या प्रश्नाला चर्चने फार जुन्या काळी उत्तर दिलं आहे. अलेक्झांड्रियाचा अरियस म्हणत होता की पुत्र हा सर्वश्रेष्ठ आहे, पण निर्माण केलेला आहे. 325 साली नायसियाच्या परिषदेने ते नाकारलं आणि 381 च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेनंतर जो मतांगीकार, म्हणजे विश्वासाची ठरलेली कबुली, रूढ झाला, तो आज कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक प्रोटेस्टंट मानतात. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एकच देव, म्हणजेच त्रैक्य. पुत्र खरा देव आणि खरा मनुष्य. त्याचं मरण आणि पुनरुत्थान यांतून मिळणारं तारण. एवढी चौकट सांभाळून उरलेल्या गोष्टींत वेगळं वागणारे पुष्कळ आहेत. साल्व्हेशन आर्मी 1882 पासून भारतात आहे आणि ती ना पाण्याचा बाप्तिस्मा देते ना प्रभुभोजन. ऐकणाऱ्याला धक्का बसतो, पण त्रैक्याबद्दल आणि ख्रिस्ताबद्दल तिची शिकवण इतर मंडळ्यांसारखीच आहे. सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट शनिवार पाळतात आणि एलन व्हाइट यांच्या लेखनाला मोठा मान देतात. त्यांच्याबद्दल प्रोटेस्टंट अभ्यासकांत बराच वाद झाला, अजूनही आहे, पण त्यांच्या अधिकृत विश्वासात त्रैक्य आहे आणि ख्रिस्ताचं देवत्व आहे. मी त्यांना पंथातच धरतो.

यहोवाचे साक्षीदार या चौकटीबाहेर जातात. अमेरिकेत 1870 च्या दशकात चार्ल्स रसेल यांच्या बायबल अभ्यासातून ही चळवळ निघाली. सध्याचं नाव 1931 चं. येशू हा देवाने प्रथम निर्माण केलेला आणि तोच आद्यदेवदूत मीखाएल, अशी त्यांची शिकवण आहे. योहानाच्या शुभवर्तमानाचं पहिलं वचन आपल्या मराठी बायबलात 'शब्द देव होता' असं आहे. त्यांच्या इंग्रजी भाषांतरात तिथे 'एक देव' असा अर्थ केला आहे. मॉर्मन चर्च 1830 मध्ये जोसेफ स्मिथने स्थापन केलं. तिथे बायबलच्या जोडीला आणखी पवित्र ग्रंथ आहेत आणि पिता-पुत्र-आत्मा हे तीन वेगळे व्यक्ती, एकाच सत्त्वाचे नव्हेत, अशी मांडणी आहे. त्यांचा बाप्तिस्मा पाण्याने आणि पिता-पुत्र-आत्म्याच्या नावाने होतो, तरीही 2001 मध्ये रोमने, म्हणजे कॅथलिक चर्चने, तो ग्राह्य नाही असा निर्णय दिला. कारण शब्द तेच असले तरी त्यांतला देव वेगळा आहे. केवळ येशूच्या नावाने बाप्तिस्मा देणारे वननेस पेंटेकॉस्टल 1913 ते 1916 च्या वादातून वेगळे झाले. पिता, पुत्र, आत्मा ही एकाच देवाची तीन रूपं असं ते मानतात. ही चूक अरियसच्या उलट दिशेची आणि तिसऱ्या शतकातल्या सबेलियसच्या जवळची आहे.

आता कोणी दाराशी आलं तर पहिला प्रश्न येशूवरच ठेवावा. शनिवार, डुक्कर, नाताळाची तारीख, दागिने यांत शिरू नये. त्यात तासन् तास जातात आणि हाती काही लागत नाही. येशूला प्रार्थना करता येते का, एवढं विचारावं. शिष्य थोमाने येशूला 'माझा प्रभू व माझा देव' म्हटलं तेव्हा येशूने त्याला थांबवलं का, हे विचारावं. उत्तर शांतपणे ऐकून घ्यावं.

वचनं कशी वळवली जातात हे एकदा जवळून बघण्यासारखं आहे. कोरियात 1964 मध्ये आन सांग-होंग यांनी सुरू केलेल्या आणि आज वर्ल्ड मिशन सोसायटी चर्च ऑफ गॉड या नावाने चालणाऱ्या गटात देवपित्याबरोबर देवमाता आहे, आणि ती एक हयात कोरियन स्त्री आहे, असं शिकवतात. आधार तीन वचनांचा. उत्पत्ती 1:26 मधलं 'आपल्या प्रतिरूपाचा मनुष्य करू' हे अनेकवचन, गलतीकरांस पत्र 4:26 मधली 'वरील यरुशलेम' जी 'आपली माता' आहे, आणि प्रकटीकरण 22:17 मधली 'वधू'. एका बैठकीत ही तीन पानं पटापट उलटली जातात. ऐकणारा प्रत्येक वेळी वचन शोधण्यात गुंतलेला असतो, सापडलं की समाधान वाटतं, आणि तोवर पुढचं वचन सांगितलेलं असतं. मागचं-पुढचं वाचायला सवडच राहत नाही. आता गलतीकरांस पत्र घेऊन 21व्या वचनापासून 31व्या वचनापर्यंत मोठ्याने वाचा. पौल अब्राहामाच्या दोन स्त्रियांबद्दल बोलतोय, दासी हागार आणि स्वतंत्र सारा. 24व्या वचनात तो स्वतःच सांगतो की या गोष्टी दृष्टांतरूप आहेत, या स्त्रिया म्हणजे दोन करार. हागार म्हणजे सीनाय पर्वत आणि आताचं यरुशलेम, कारण ते आपल्या मुलांसह दास्यात आहे. वरील यरुशलेम स्वतंत्र आहे आणि ती आपली माता. 26व्या वचनातली माता खरीखुरी स्त्री धरायची तर आधीच्या वचनातला डोंगरही स्त्री धरावा लागेल. अकरा वचनं वाचायला दोन मिनिटं लागतात. अशा कोणत्याही वर्गाला जाणाऱ्याने एवढाच नियम पाळावा: दाखवलेल्या प्रत्येक वचनाच्या आधीची दहा आणि नंतरची दहा वाचल्याशिवाय पान उलटायचं नाही. शिकवणारा प्रामाणिक असेल तर त्याला आनंद होईल. तो अस्वस्थ झाला, 'आत्ता नको, हे पुढच्या पाठात येईल' म्हणाला, तर तिथेच सावध व्हावं.

दुसरा प्रश्न पकडीचा. इथे चांगल्या पंथाचं नाव कामाला येत नाही. जिम जोन्स या अमेरिकन पुढाऱ्याला 1964 मध्ये डिसायपल्स ऑफ ख्राइस्टने दीक्षा दिली होती, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आलेल्या सहा परंपरांपैकी एकीने. त्याचं पीपल्स टेंपल त्या पंथाच्या यादीत होतं. भुकेल्यांना जेवण, काळ्या-गोऱ्यांची एकत्र उपासना, म्हाताऱ्यांसाठी घरं अशी तिथली कामं होती. 18 नोव्हेंबर 1978 रोजी गयानात त्याच्यामुळे 918 माणसं मेली, त्यांत तीनशेहून अधिक मुलं. त्याआधी सामूहिक मरणाच्या तालमी झाल्या होत्या, पासपोर्ट काढून घेतले होते, सभासदांच्या मिळकती संस्थेच्या नावावर झाल्या होत्या, आणि एकमेकांविरुद्ध सांगण्याची सक्ती होती. केनियातल्या शकाहोलाच्या जंगलात 2023 मध्ये चारशेहून अधिक मृतदेह निघाले. उपास करून मेलात की येशू भेटेल असं त्यांना सांगितलं होतं. त्यांना आपण बायबलच ऐकतोय असं वाटत होतं.

उलटही खरं आहे. शिकवण चुकीची असलेला प्रत्येक गट माणसं कोंडून ठेवत नाही. केरळमधल्या यहोवाचे साक्षीदार कुटुंबातल्या तीन मुलांना राष्ट्रगीत न गायल्याबद्दल शाळेतून काढलं होतं. ती आदराने उभी राहत, फक्त गात नसत. सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि तो योग्यच होता. त्यांच्या शिकवणीत ख्रिस्ताबद्दल गंभीर चूक आहे असं मी मानतो, आणि त्या मुलांच्या हक्काबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण त्यांच्यातही पकडीचे प्रश्न आहेतच. 1945 पासून रक्त घेण्यास मनाई आहे, आणि बाहेर काढलेल्या सभासदाशी नातेवाइकांनीही बहुतांश संबंध तोडण्याची शिकवण आहे. 1925 मध्ये अब्राहामासारखे प्राचीन कुलपती मेलेल्यांतून उठतील असं सांगितलं गेलं, 1975 बद्दल अपेक्षा चढवल्या गेल्या, आणि ती वर्षं निघून गेल्यावर खुलासे आले. बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाच्या 18व्या अध्यायाचं शेवटचं वचन अशाच प्रसंगासाठी आहे: संदेष्ट्याने सांगितलेलं घडलं नाही, तर ते परमेश्वराने सांगितलेलं नव्हे.

पकड कशी बसते हे कॉलेजच्या वयाच्या मुलांच्या पालकांनी नीट समजून घ्यावं, कारण मिरज-सांगली-साताऱ्यात वैद्यकीय, नर्सिंग, इंजिनिअरिंगची मुलं घरापासून लांब खोल्या घेऊन राहतात. कोरियातल्या शिनचोनजी या गटाची पद्धत पुष्कळ माजी सभासदांनी सांगितलेली आहे आणि ती आता ऑनलाइन सगळीकडे पोचली आहे. सुरुवात सर्वेक्षणाने, एखाद्या ख्रिस्ती चर्चासत्राच्या निमंत्रणाने किंवा इन्स्टाग्रामवरच्या ओळखीने होते. गटाचं नाव सांगत नाहीत. 'आम्ही कुठल्याच पंथाचे नाही, फक्त बायबल' असं म्हणतात. आधी दोघा-तिघांत अभ्यास, मग आठवड्यातून तीन-चार दिवस वर्ग, आणि हे सहा ते नऊ महिने. वर्गात नवीन विद्यार्थी म्हणून बसलेल्यांपैकी काही जुने सभासद असतात. ते तुमच्या शेजारी बसून तुमच्यासारखेच प्रश्न विचारतात, तुमच्या शंका शिकवणाऱ्यापर्यंत पोचवतात, आणि एखादा धडा चुकला तर रात्री फोन करतात. घरी आणि पाळकांना आत्ता सांगू नका, कोवळ्या रोपट्याला वारा लागू देऊ नये, असं प्रेमाने समजावतात. दृष्टांतांना गुप्त अर्थ असतो आणि त्याची किल्ली एकाच जागी आहे, हे हळूहळू ठसवतात. प्रकटीकरणातली वचनं ज्याच्यात पूर्ण झाली तो माणूस, म्हणजे संस्थापक ली मान-ही, याचं नाव शेवटी कळतं. तोवर मुलाचे सगळे मित्र त्या वर्गातले झालेले असतात.

या सगळ्यात एक गोष्ट उघडीनागडी आहे: स्वतःचं नाव लपवणं. कॅथलिक धर्मगुरू आपण कॅथलिक आहोत हे लपवत नाही. पेंटेकॉस्टल पास्टर बोर्ड लावतो. दारावर येणारे साक्षीदारही विचारलं की आपण कोण ते सांगतात. तिसऱ्या भेटीपर्यंत गटाचं पूर्ण नाव, प्रमुखाचं नाव आणि नोंदणी मिळाली नाही, तर चौथ्या भेटीला जाऊ नये.

पैशाची तपासणीही अशीच साधी आहे. दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, मागणं यात कल्ट नाही. तो अनेक चांगल्या मंडळ्यांत आहे. पावती मिळते का, खातं संस्थेच्या नावावर आहे की पास्टरच्या मोबाइल नंबरवर, आणि वर्षाचा हिशेब मंडळीपुढे वाचला जातो का, हे बघायचं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेल्या न्यासाला दर 31 मार्चला हिशेब बंद करून त्याची तपासणी करून घ्यावी लागते, आणि त्याचा अहवाल धर्मादाय कार्यालयात जातो. विश्वस्तांची नावं तिथे असतात. विश्वस्तांत नवरा, बायको, मेहुणा आणि ड्रायव्हर एवढेच असतील तर पास्टरला चूक दाखवणारं कोणी नाही, इतकं कळतं. जुन्या पंथांच्या मालमत्तांवरून कोर्टात वर्षानुवर्षं चाललेले दावे आपण बघतोच, तेव्हा नोंदणी असली की सगळं स्वच्छ असंही नाही. तरी कोर्टात जाता येतं, म्हणजे तिथे कुठेतरी नियम आहे.

औषधांच्या बाबतीत मात्र मला एक दिवसही थांबणं मान्य नाही. मिरजेत विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये रुग्णालय उभं केलं. या भागात ख्रिस्ती विश्वासाची ओळखच दवाखान्यातून झाली. प्रार्थना आणि शस्त्रक्रिया एकाच माणसाच्या हातून होत असत. अशा गावात जर कोणी व्यासपीठावरून 'विश्वास असेल तर गोळ्या फेकून द्या' म्हणत असेल, तर तो इथल्या मंडळीच्या शंभरावर वर्षांच्या साक्षीविरुद्ध बोलतोय. टाइप 1 मधुमेहात इन्सुलिन बंद केलं तर काही दिवसांतच, कधी चोवीस तासांतही, रक्तात आम्ल साठून जीव जाऊ शकतो. फेफऱ्याच्या गोळ्या अचानक थांबवल्या तर झटके एकामागून एक येत राहू शकतात. क्षयाचा साधा उपचार सहा महिन्यांचा. दोन महिन्यांत खोकला थांबतो, माणसाला बरं वाटतं, आणि तेव्हाच 'तू बरा झालास, साक्ष दे' म्हणून त्याला पुढे उभं केलं जातं. गोळ्या सुटतात, रोग उलटतो, आणि तोवर जंतूंना औषध लागू पडेनासं झालेलं असू शकतं. घरातल्या माणसांनी अशा वेळी धर्मशास्त्राचा वाद घालू नये. आधी गोळ्या चालू आहेत का ते बघावं आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. भूत काढण्याच्या नावाखाली मारहाण, कोंडणं, दोरीने बांधणं या गोष्टी 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहेत. त्या कायद्यासाठी साताऱ्याच्या नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य वेचलं आणि त्यांच्या खुनानंतर तो झाला. तो कोणत्याही एका धर्मासाठी नाही, ख्रिस्ती प्रार्थनागृहालाही लागू आहे, आणि आपल्यातल्यांनी तो आपल्यावर आलेलं संकट समजू नये.

घरातलं माणूस आत ओढलं गेलंय असं लक्षात आलं की पहिली प्रतिक्रिया बहुतेक वेळा घातक ठरते. वडील ओरडतात, मोबाइल काढून घेतात, पाळक येऊन दहा वचनं फेकतात, 'ते किंवा आम्ही' असं सांगितलं जातं. याचा परिणाम काय होतो हे गटाने आधीच सांगून ठेवलेलं असतं. मत्तय 10:36 त्यांच्या दुसऱ्या-तिसऱ्या पाठातच होऊन गेलेलं असतं: 'मनुष्याच्या घरचेच लोक त्याचे वैरी होतील.' तुम्ही जितका आवाज चढवाल तितकी त्यांची भविष्यवाणी खरी ठरते. अमेरिकेत 1970 च्या दशकात पालकांनी पैसे देऊन सज्ञान मुलांना पळवून, कोंडून, मन वळवण्याचे प्रकार केले. ते न्यायालयात गेले आणि बदनाम झाले. आपल्याकडेही अठरा वर्षांवरील मुलीला घरात कोंडणं हा गुन्हाच आहे. मूल अठरा वर्षांखालचं असेल आणि घर सोडून गेलं असेल तर पोलिसांत जावं. सज्ञान असेल तर जेवायला बोलवत राहावं.

बोलताना त्यांच्या नेत्याला शिव्या देऊ नयेत. प्रश्न विचारावेत, एका वेळी एकच, आणि उत्तरासाठी आठवडाभर वाट बघावी. तुमच्या गटाने आजवर कबूल केलेली एखादी चूक सांग. सोडून गेलेल्यांबद्दल तिथे काय बोलतात? मला तुझ्याबरोबर एखाद्या वर्गाला येता येईल का, आणि मी नोट्स घेतल्या तर चालेल का? हे प्रश्न त्याच्या मनात राहतात, कारण उत्तर देण्यासाठी त्याला आत कोणाला तरी विचारावं लागतं आणि तिथे विचारणं खपत नाही हे त्याचं त्याला दिसतं. दरम्यान शैक्षणिक प्रमाणपत्रं, आधार, पासबुक आणि घराचे कागद सुरक्षित ठेवावेत. आजीच्या नावावरची जमीन कोणी बक्षीसपत्राने लिहून घेत नाही ना, तिकडे लक्ष असू द्यावं.

आणि पाळकांनी स्वतःच्या मंडळीकडे बघावं. मुलं जातात ती बऱ्याचदा हुशार, बायबलची भूक असलेली मुलं. त्यांनी दृढीकरणाच्या वर्गात त्रैक्याबद्दल विचारलं तेव्हा 'ते गूढ आहे, पाठ कर' एवढंच उत्तर मिळालेलं असतं. बिरुयाच्या लोकांचं कौतुक प्रेषितांच्या कृत्यांत आहे ते यासाठी की पौलाने सांगितलेलंही ते शास्त्रात रोज पडताळून बघत. आपल्या मंडळीत कोणी पाळकाचं प्रवचन असं पडताळून बघतो म्हटलं तर पंचांच्या बैठकीत त्याच्यावर चर्चा होते. जिथे प्रश्न विचारणाऱ्याला बंडखोर ठरवतात, ती मंडळी मतांगीकार बिनचूक म्हणत असली तरी दुसऱ्या प्रश्नात नापास होते. हे मी नाराजीने नाही, काळजीने लिहितो.

शिष्यांनी एकदा येशूला सांगितलं होतं की एक माणूस तुझ्या नावाने भुतं काढतो, पण तो आपल्यातला नाही, म्हणून आम्ही त्याला मना केलं. येशू म्हणाला, मना करू नका. 'जो आपल्याला प्रतिकूल नाही तो आपल्याला अनुकूल आहे.' त्याच येशूने मेंढरांच्या वेषात येणाऱ्या लांडग्यांबद्दलही सांगून ठेवलं आहे. शेजारच्या मंडळीला पहिलं वचन लावायचं की दुसरं, हे ठरवताना घाई करू नये, आणि एकदा दुसरं लावायची वेळ आली की लाजू नये.

बाहेर पडून परत आलेल्या माणसाचा बाप्तिस्मा पुन्हा करायचा का, हा प्रश्न लगेच निघतो. पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्म्याच्या नावाने एखाद्या त्रैक्य मानणाऱ्या मंडळीत तो झाला असेल, तर मूळ बाप्तिस्मा कायम असतो. मधली वर्षं कुठे गेली याने तो पुसला जात नाही. साक्षीदार किंवा मॉर्मन गटातच पहिला बाप्तिस्मा झाला असेल तर बहुतेक मंडळ्या नव्याने देतात. पण ही घाईची गोष्ट नव्हे. त्याला पहिल्याच रविवारी पुढे बोलावून साक्ष द्यायला लावू नये. ते त्याच्याकडून पूर्वीही करवून घेतलेलं असतं. वर्षभर तरी तरुणसंघाची जबाबदारी देऊ नये. त्याचे जुने मित्र एका दिवसात तुटलेले असतात, तेव्हा प्रवचनापेक्षा रविवारच्या जेवणाला बोलावणारी दोन घरं जास्त उपयोगी पडतात. आणि बायबल वाच म्हणून मागे लागू नये, कारण कित्येकांना महिनोन् महिने ते उघडवत नाही. प्रत्येक वचनाबरोबर जुना अर्थ आपोआप कानात येतो. त्याची स्वतःची इच्छा झाली की प्रकटीकरण आणि दानीएल बाजूला ठेवून मार्काचं शुभवर्तमान घ्यावं, त्याच्याबरोबर कोणीतरी बसावं, आणि सोळाही अध्याय मोठ्याने, मध्ये न थांबता, एकही वचन तोडून न काढता वाचावेत. दीड-दोन तास लागतात.